दार कोणी उघडलं? एनबीएचा १९५०चा हंगाम आणि मेरिटची गोष्ट

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलचा, नवा हंगाम सुरू होतो. कोणता संघ यंदा वर जाणार, कोणता नवखा खेळाडू चमकणार, कोणत्या प्रशिक्षकाची खुर्ची डळमळणार, यावर चर्चा झडतात. आमच्या अभ्यासिकेतली पोरंही हे सगळं मोबाईलवर बघत असतात. त्यांच्यातल्याच एकाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक मेसेज दाखवला. आशय असा : एनबीएत आरक्षण नाही, तरी बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, कारण तिथे फक्त मेरिट चालतं, मग तुम्हालाच कुबड्या कशाला हव्यात? पोरगं म्हणालं, "ताई, याला काय उत्तर द्यायचं?"

मेसेज एका ओळीचा असला तरी त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. आज एनबीएतले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि ते आपल्या कर्तबगारीवर तिथे आहेत. पण मेसेज लिहिणाऱ्याने इतिहासाचं पहिलं पान फाडून टाकलं आहे. ही कर्तबगारी १९५० साली अचानक उगवली नव्हती. त्याआधी पाव शतक ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तरीही दार बंद होतं. मग दार उघडलं कसं? मेरिटने उघडलं की आणखी कशाने? हे समजून घ्यायचं तर १९५०च्या हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांकडे बघावं लागेल. आणि त्याच्याही थोडं मागे जावं लागेल.

गुणवत्ता सिद्ध होती, प्रवेश नव्हता

१९२३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत बॉब डग्लस नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने एक व्यावसायिक संघ उभा केला. रेनेसान्स कॅसिनो या नाचघराची फरशी हेच त्याचं मैदान, म्हणून संघाचं नाव न्यूयॉर्क रेनेसान्स, लोकांच्या तोंडी 'रेन्स'. मालक कृष्णवर्णीय, खेळाडू कृष्णवर्णीय. १९३२-३३च्या हंगामात या संघाने सलग ८८ सामने जिंकले. बसने गावोगाव फिरायचं, सामना जिंकायचा, आणि नंतर रात्री जेवण व अंथरूण कुठे मिळेल याची चिंता करायची, असं त्यांचं जगणं होतं.

१९३९ मध्ये शिकागोत व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा भरली. तिच्यात गोरे आणि कृष्णवर्णीय, दोन्ही संघांना प्रवेश होता. अंतिम सामन्यात रेन्सने ऑशकॉश ऑल-स्टार्स या गोऱ्या संघाला ३४-२५ असं हरवलं. पुढे १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागोतच हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय संघाने, जॉर्ज मायकनसारखा त्या काळचा सर्वात मोठा खेळाडू असलेल्या मिनियापोलिस लेकर्सला ६१-५९ असं नमवलं. शेवटच्या क्षणी एर्मर रॉबिन्सन यांनी लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडला. सतरा हजारांहून जास्त लोकांनी तो बघितला. पुढच्या वर्षी पुन्हा सामना झाला आणि लेकर्स पुन्हा हरले.

याहून मोठी प्रवेश परीक्षा कोणती? परीक्षा झाली, निकाल लागला, पहिला क्रमांकही आला. प्रवेशपत्र मात्र मिळालं नाही.

जून १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही संघटना स्थापन झाली. हीच पुढे एनबीए बनली. त्याच उन्हाळ्यात बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली होती. दोन देशांतल्या बहिष्कृतांचे प्रश्न एकमेकांजवळ ठेवून बघायला त्यांनी आपल्याला तेव्हाच शिकवलं. मेसेजवाल्यांनी अमेरिकेचं उदाहरण काढलंच आहे, तर तेही नीट वाचलं पाहिजे.

या नव्या संघटनेच्या मालकांपैकी बहुतेकांची मोठमोठी क्रीडागृहं होती. आइस हॉकीचे सामने नसतील त्या रात्री इमारत रिकामी राहू नये, हा त्यांचा हिशोब. पहिल्या हंगामात अकरा संघ उतरले. कृष्णवर्णीय खेळाडू एकही नव्हता. तसा लेखी नियमही कुठे नव्हता. हे लक्षात ठेवा. जिथे सगळ्यांचं मनातल्या मनात ठरलेलं असतं, तिथे नियम लिहायची गरज पडत नाही. १९४७ मध्ये रेन्सने या संघटनेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला.

मालकांना आणखी एक भीती होती. ग्लोबट्रॉटर्सचा सामना आपल्या क्रीडागृहात ठेवला की तिकिटं खपत. कृष्णवर्णीय खेळाडू आपण घेतले, तर ग्लोबट्रॉटर्सचे गोरे मालक एब सेपरस्टीन रागावतील आणि तो गल्ला बुडेल. म्हणजे बघा, कृष्णवर्णीयांच्या खेळावर धंदा चालत होता, आणि त्याच धंद्यासाठी त्यांना बाहेर ठेवलं जात होतं.

१९४७च्या हंगामाच्या सुरुवातीचीच आणखी एक घटना. न्यूयॉर्क निक्सने वाटारू मिसाका या जपानी वंशाच्या अमेरिकन खेळाडूला घेतलं. युटा विद्यापीठाला दोन राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणाऱ्या संघात ते होते. महायुद्धात जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबलं, त्याला फार वर्षं उलटली नव्हती. मिसाका तीन सामने खेळले आणि त्यांना वगळण्यात आलं. संघटनेचा पहिला गोरेतर खेळाडू, कारकीर्द तीन सामन्यांची.

त्या काळी नॅशनल बास्केटबॉल लीग नावाची दुसरी स्पर्धाही चालू होती. तिथे १९४२ पासूनच काही संघांत कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९४८-४९ मध्ये एक संघ हंगामाच्या मध्यावर बंद पडला, तेव्हा त्याच्या जागी रेन्सलाच डेटनचा संघ म्हणून घेतलं गेलं. पण १९४९ मध्ये दोन्ही संघटना एकत्र येऊन एनबीए झाली आणि त्या विलीनीकरणात रेन्सला जागा मिळाली नाही. एनबीएचा पहिला हंगाम, १९४९-५०, सतरा संघांचा. कृष्णवर्णीय खेळाडू पुन्हा शून्य.

१९५० : गरज आली, दार किलकिलं झालं

मग एका वर्षात काय बदललं? कृष्णवर्णीय खेळाडू एका वर्षात जास्त उंच झाले, की त्यांचा नेम सुधारला? तसं काही झालं नाही. बदललं ते मालकांचं ताळेबंद. सतरा संघांपैकी सहा बंद पडले किंवा बाहेर गेले, अकरा उरले. बॉस्टन सेल्टिक्स ६८ पैकी ४६ सामने हरून पूर्व विभागात तळाला होता. मालक वॉल्टर ब्राऊन तोट्यात होते. तिकडे बेसबॉलमध्ये १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरले होते आणि त्यामागे कृष्णवर्णीय पत्रकारांनी वर्षानुवर्षं चालवलेला लेखणीचा रेटा होता. न्यूयॉर्क निक्सचे प्रशिक्षक जो लॅपचिक यांनी खेळाडू असताना रेन्सविरुद्ध अनेक सामने खेळले होते. समोरच्याची ताकद काय आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

२५ एप्रिल १९५० रोजी नव्या खेळाडूंची वाटणी झाली. दुसऱ्या फेरीत ब्राऊन यांनी ड्युकेन विद्यापीठाच्या चक कूपर यांचं नाव घेतलं. तो काळा आहे हे ठाऊक आहे ना, अशी विचारणा तिथल्या तिथे झाली आणि ब्राऊन यांनी ती उडवून लावली, असं सांगितलं जातं. ब्राऊन यांच्या धैर्याला दाद दिलीच पाहिजे. पण तळाला गेलेल्या संघाच्या मालकालाच ते धैर्य का सुचलं, हेही विचारलं पाहिजे. त्याच दिवशी नवव्या फेरीत वॉशिंग्टन कॅपिटल्सने वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून अर्ल लॉइड यांना घेतलं. पुढे निक्सने ग्लोबट्रॉटर्सकडून नॅट 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन यांना विकत घेतलं.

आता हंगामाच्या तोंडावरच्या चर्चा बघा. लेकर्स सलग तिसऱ्यांदा जिंकणार का? मायकनला कोण अडवणार? बॉस्टनमध्ये तर वेगळाच गोंधळ. स्थानिक महाविद्यालयाचे लाडके बॉब कूझी यांना संघात घ्या म्हणून वर्तमानपत्रं मागे लागली होती. नवे प्रशिक्षक रेड आउअरबाक यांनी ते ऐकलं नाही. नंतर शिकागोचा संघ बुडाला, त्याच्या तीन खेळाडूंची नावं चिठ्ठ्या करून हॅटमध्ये टाकली गेली आणि कूझी यांची चिठ्ठी बॉस्टनच्या हाती लागली. एनबीएच्या इतिहासातला एक थोर खेळाडू बॉस्टनला असा चिठ्ठीने मिळाला! निवड कशी काटेकोर गुणवत्तेवर होते म्हणून छाती काढणाऱ्यांनी ही चिठ्ठी जपून ठेवावी.

३१ ऑक्टोबर १९५०. रॉचेस्टर शहरात वॉशिंग्टनचा पहिला सामना. अर्ल लॉइड मैदानात उतरले आणि एनबीएच्या सामन्यात खेळणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. सहा गुण, दहा रिबाउंड, संघ ७८-७० असा हरला. दंगा नाही, घोषणा नाहीत, वर्तमानपत्रांत मोठा मथळाही नाही. दुसऱ्या दिवशी फोर्ट वेनला कूपर उतरले, ४ नोव्हेंबरला क्लिफ्टन. 'पहिला' हा मान लॉइड यांच्याकडे गेला तो केवळ वेळापत्रकामुळे.

पण त्या हंगामाच्या सुरुवातीची खरी कहाणी या तीन नावांवर संपत नाही. लॉइड यांच्याबरोबर हॅरोल्ड हंटर यांनीही वॉशिंग्टनशी करार केला होता. त्यांना सराव शिबिरातच वगळलं गेलं. लॉइड सात सामने खेळले आणि त्यांना लष्करात बोलावणं आलं. जानेवारी १९५१ मध्ये वॉशिंग्टनचा संघच बंद पडला. हँक डीझोनी हे रेन्सचे जुने खेळाडू ट्राय-सिटीज संघाकडून पाच सामने खेळले आणि राहण्याच्या जागेत होणाऱ्या वर्णभेदाला कंटाळून निघून गेले. फोर्ट वेनच्या हॉटेलात लॉइड यांना झोपायला खोली होती, पण भोजनगृहात बसायला मनाई होती. नॉर्थ कॅरोलिनात रॅले इथे कूपर यांना संघाच्या हॉटेलात जागा मिळाली नाही, तेव्हा ते रात्रीच्या गाडीने परत निघाले. सोबतीला कूझी गेले. स्टेशनावर गोऱ्यांची मुतारी वेगळी, कृष्णवर्णीयांची वेगळी. चेंडू एकाच टोपलीत टाकायचा, पाण्याचा नळ मात्र वेगळा! हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

हंगाम संपला तेव्हा बॉस्टन ३९ विजय मिळवून विभागात दुसरा होता. एका वर्षात तळातून वर! निक्स अंतिम फेरीत पोहोचला, पहिले तीन सामने हरूनही सातव्या सामन्यापर्यंत लढला आणि रॉचेस्टरकडून चार गुणांनी हरला. बॉस्टनच्या यशाचं श्रेय आउअरबाक आणि कूझी यांना मिळालं आणि ते योग्यच होतं. पण दर सामन्याला नऊ गुण आणि आठाहून जास्त रिबाउंड देणाऱ्या कूपर यांचं नाव त्या यशोगाथेत किती जण घेतात?

मेरिट नियमाच्या पोटातून जन्मतं

याच हंगामात, २२ नोव्हेंबर १९५० रोजी, एक विचित्र सामना झाला. फोर्ट वेनने लेकर्सला १९-१८ असं हरवलं. दोन्ही संघांनी मिळून ४८ मिनिटांत चालत्या खेळातून फक्त आठ वेळा चेंडू जाळीत टाकला. मायकनपुढे आपला टिकाव लागणार नाही म्हणून फोर्ट वेनवाले चेंडू हातात धरून उभे राहिले. नियमात ते बसत होतं. प्रेक्षक चिडले, पण निकाल लागला.

असंच चालू राहिलं तर धंदा बुडेल, हे मालकांच्या लक्षात आलं. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टोपलीकडे टाकतात. भागाकार आला २४. १९५४च्या हंगामापासून २४ सेकंदांत चेंडू टाकण्याचा नियम आला. वेग, चपळाई, दम यांची किंमत एका रात्रीत वाढली. चेंडू धरून उभं राहण्याचं 'मेरिट' एका रात्रीत निकामी झालं.

खेळाडू तेच, मैदान तेच. नियम बदलला आणि गुणवत्तेची व्याख्या बदलली. मेरिट आभाळातून पडत नाही. कोणता गुण मोजायचा हे कुणीतरी खोलीत बसून ठरवतो आणि त्या खोलीत कोण बसलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. या नियमाखालचं पहिलं विजेतेपद १९५५ मध्ये बियासोन यांच्याच सिरॅक्यूजने मिळवलं. त्या संघात दोन कृष्णवर्णीय होते : लष्करातून परतलेले अर्ल लॉइड आणि जिम टकर. एनबीए विजेत्या संघातले पहिले दोन.

दार उघडलं, पण फटीपुरतं

यानंतर सगळं सुरळीत झालं असेल, असं वाटेल. झालं नाही. पन्नासच्या दशकात प्रत्येक संघाने एक-दोन, फार तर तीन कृष्णवर्णीय खेळाडू ठेवायचे, असा अलिखित कोटा चालत होता. गंमत बघा! आरक्षण नाही म्हणून ज्या एनबीएचं कौतुक होतं, तिथे आरक्षण होतंच. उरलेल्या सगळ्या जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. फक्त त्याला कुणी आरक्षण म्हणत नव्हतं. १९५४-५५ मध्ये तर एकूण संघच आठ उरले होते. म्हणजे जेमतेम ऐंशी नोकऱ्या, आणि त्यात तुमच्या वाट्याला दोन-दोन.

काम कोणतं, हेही ठरलेलं. समोरच्या सर्वात दांडग्या खेळाडूला अडवा, रिबाउंड ओढा, धक्के खा. गुण मिळवायचे ते इतरांनी. आपल्या वाट्याला अंगमेहनतीचंच काम आलं, ही खंत कूपर यांनी नंतर बोलून दाखवली. अंगमेहनत एकाची, नाव दुसऱ्याचं! ही श्रमविभागणी नव्हती. ही श्रमिकांची विभागणी होती, आणि हा फरक आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं नाव सांगायला नको.

ऑक्टोबर १९६१. पुन्हा हंगामाचं तोंड. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये बॉस्टन आणि सेंट लुईस हॉक्स यांचा प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स यांना खायला द्यायला नकार मिळाला. बिल रसेल यांच्यासह बॉस्टनचे कृष्णवर्णीय खेळाडू सामना न खेळता विमानाने परत गेले. हॉक्सचे कृष्णवर्णीय खेळाडूही उतरले नाहीत. सामना उरलेल्या गोऱ्या खेळाडूंनी खेळला. सलग तीन वर्षं विजेता असलेला संघ, आणि त्याच्या खेळाडूंना एक कप कॉफी नाही! मेरिटने भूक भागत नाही हे त्या दिवशी कळलं. पण काम बंद केलं की बातमी होते, हेही कळलं.

त्याच हॉक्सची त्या हंगामाची कथा ऐका. आदल्या वर्षी ५१ सामने जिंकून अंतिम फेरी गाठलेला संघ. तीन गोरे खेळाडू दर सामन्याला प्रत्येकी वीसहून अधिक गुण मिळवणारे. पहिल्या फेरीत त्यांनी विन्स्टन-सेलमच्या क्लिओ हिल यांना निवडलं. अंदाज असा की आता हा संघ आणखी बलवान होणार. पण हिल यांच्याकडे चेंडू येईना. हा वर्णभेद होता, असं अनेकांनी म्हटलं. काहींच्या मते तो गुणांचा आणि पुढच्या कराराच्या पैशांचा प्रश्न होता. मला विचाराल तर या दोन गोष्टी कधी वेगळ्या नसतातच. प्रशिक्षक पॉल सीमोर हिल यांच्या बाजूने उभे राहिले. चौदा सामन्यांनंतर त्यांना काढून टाकण्यात आलं. हे तेच सीमोर, जे १९५५च्या विजेत्या संघात लॉइड यांच्या बरोबरीने खेळले होते. संघ २९ विजयांवर घसरला. हिल यांना त्या एका हंगामानंतर एनबीएत पुन्हा कुणी खेळवलं नाही. स्वतःचा संघ बुडाला तरी चालेल पण चेंडू द्यायचा नाही, याला गुणवत्ता म्हणायचं की मक्तेदारी?

संघटना आणि खुर्ची

पुढचा बदल खेळाडू एकत्र आले म्हणून झाला. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनला तारांकित खेळाडूंचा सामना होता, टीव्हीवर दाखवला जाणार होता. निवृत्तिवेतनाचा शब्द मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असं गोऱ्या-काळ्या खेळाडूंनी मिळून सांगितलं. शब्द मिळाला, मगच ते उतरले. १९६५ मध्ये ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडू संघटनेचे अध्यक्ष झाले. २६ डिसेंबर १९६४ रोजी बॉस्टनने सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवले. १९६६ मध्ये रसेल यांना प्रशिक्षक नेमलं आणि त्यांनी १९६८ व १९६९ अशी दोन विजेतेपदं आणली. लॉइड पहिल्यांदा उतरल्यापासून पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षकापर्यंत सोळा वर्षं गेली.

आणि मालकी? एखाद्या एनबीए संघाची बहुसंख्य मालकी कृष्णवर्णीय माणसाकडे प्रथम गेली ती एकविसाव्या शतकात, शार्लटच्या संघासाठी रॉबर्ट जॉन्सन यांच्याकडे. २०१० मध्ये तोच संघ मायकल जॉर्डन यांनी घेतला. २०२३ मध्ये त्यांनी आपली बहुसंख्य मालकी विकली, तेव्हा मालकांच्या रांगेत असा एकही कृष्णवर्णीय उरला नाही. मैदानावर बहुसंख्य, नियम ठरवणाऱ्या खोलीत शून्य.

चक कूपर यांचं पुढे काय झालं, हे मला माझ्या पेशामुळे जास्त जवळचं वाटतं. खेळ सोडल्यावर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पिट्सबर्गमध्ये शहराच्या उद्यान व क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. त्या शहराच्या एखाद्या विभागाचा प्रमुख होणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ज्याला चेंडू मिळत नव्हता, तो माणूस पोरांच्या मैदानांची व्यवस्था बघू लागला. १९८४ मध्ये ते गेले. एनबीएतल्या त्यांच्या पहिल्या पावलाची खरी दखल घेऊन हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं ते २०१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी मेसेजला लिहू काय?" मी म्हटलं, फक्त एक प्रश्न लिही : १९३९ साली रेन्सने अंतिम सामना जिंकला, मग १९५० उजाडेपर्यंत त्यांचं मेरिट कुठे गेलं होतं?

त्याने तो प्रश्न टाकला. त्या ग्रुपवर अजून उत्तर आलेलं नाही.